दुखवट्यातला गोड पाव

"रव्वारी पाव मोडू. पोरीला सांगू नको, तिला तसा पन काय कलत नाय."

आत्याचा आवाज मागच्या पडवीतून आला. मी न्हाणीत भरलेला तांब्या हातात धरून उभी होते, आणि मध्ये फक्त कुडाची भिंत होती. पापा तिच्यासमोर बसले असणार, कारण त्यांनी घसा खाकरलेला मी ऐकला. ते पुढे काही बोलतील म्हणून मी पाणी अंगावर घेतलं नाही. आत्याचं सूप पुन्हा सुरू झालं, तांदूळ वर उडून खाली पडू लागले, आणि मग मी अंघोळ केली.

त्या वाक्याचा मला राग आला नाही. आत्याचं खरंच होतं, मला घरातलं फारसं कळत नसे. वयाच्या आठव्या वर्षी पापांनी मला पुण्याला नन्सच्या शाळेत ठेवलं. तिथे सकाळच्या प्रार्थनेपासून रात्रीच्या प्रार्थनेपर्यंत सगळं इंग्रजीत. मराठी शब्द तोंडून गेला, तर त्या दिवशी जेवणानंतरचं गोड मिळत नसे. दुसऱ्या मुली पटापट इंग्रजी शिकल्या. मी गप्प राहायला शिकले आणि मला रोज गोड मिळालं. सुट्टीत ठाण्याला आले की आळीतल्या बायका माझ्याशी बोलायला येत, मी मान हलवत असे, आणि त्या आईला म्हणत, "तुज्या फिलूला देवान जीब दिली, पन चावी द्याला इसरला." आई हसायची. त्यामुळे 'पाव मोडू' हे शब्द ऐकून मला एवढंच कळलं की रविवारी कुणी पाहुणे येणार आणि पाव होणार. धर्मग्रंथाच्या तासाला पाव मोडल्याचं आम्ही कितीदा तरी वाचलं होतं. त्याचा आमच्या आळीत आणखी काही अर्थ असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

आमचं घर खाडीकडच्या आळीत होतं. आळीतली सगळी घरं आमच्यासारखीच, पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती. दर घराच्या दारावर क्रूस आणि मागे माड. कुणी मिठागरावर, कुणी होडीवर, आणि इंग्रजी येणारे माझ्या पापांसारखे दोघे-चौघे मिठाच्या कचेरीत. पाऊस सरला की पापांच्या आगरावर फेऱ्या सुरू होत, हिवाळा संपत आला की मिठाचा हंगाम सुरू होई आणि पापा आठ-आठ दिवस आगरावरच्या चौकीत राहत. तिकडून ते आले की त्यांच्या बुटांवर पांढरी रेघ असे. आई ती नखाने खरवडून काढायची. आई गेल्यापासून ती रेघ तशीच राहू लागली होती, आणि बुटांचं कातडं तिथे तडकत चाललं होतं. मला ते दिसत असे. एखाद्या दिवशी फडकं घेऊन ती पुसावी, असं मात्र मला सुचलं नाही. आज मी त्या बुटांबद्दल लिहिते आहे. तेव्हा मी फक्त बघत होते.

आई पावसात गेली. चार दिवसांचा ताप. मला शाळेतून आणलं तेव्हा तिला मूठमाती देऊन झाली होती. शाळेत पापांचं पत्र आलं होतं, ते मोठ्या मदरने मला समोर उभं करून वाचून दाखवलं. पापांचं इंग्रजी कचेरीतलं. त्यांनी लिहिलं होतं की सदर मुलीच्या मातेचा मृत्यू झाल्यामुळे तिला पुढील सूचना मिळेपर्यंत घरी पाठवण्यात यावं. मी 'येस मदर' म्हटलं आणि ट्रंक भरायला गेले. घरी आत्या आलीच होती. ती पापांची थोरली बहीण, वसईकडे दिलेली, विधवा. तिने माझे शाळेचे दोन्ही झगे काळ्या रंगात बुडवून दोरीवर टाकले. पावसाळ्यात ते धड वाळले नाहीत, आणि पुढे कित्येक महिने माझ्या मानेला आणि काखेत निळसर काळे डाग पडत. घरात गोडधोड बंद. नाताळात आळीतून केळीच्या पानाखाली झाकलेली ताटं आली, करंज्या, नारळाच्या वड्या, आणि आत्याने ती घेऊन ताटं रिकामी परत दिली. दुखवट्याच्या घराने ताट भरून परत द्यायचं नसतं. मी त्या वड्या खाल्ल्या. गोड होत्या. मला अजून आठवतं, मी तेव्हा मनाशी म्हटलं होतं, गोड लागतंय, म्हणजे जीभ ठीक आहे.

शनिवारी दुपारी आत्या म्हणाली, "आयचा मेव्याचा पाव येतो तुला?"

मी मान हलवली.

"मान काय हलवतेस? होय का नाय?"

"येतो."

"मंग आज पीठ मल, उद्या भाज. कल्यानवरना पावनी येनार हायेत. तुज्याच हातचा होऊ दे, मी हात नाय लावनार."

आमच्या आळीत पाव दोनच वेळा घरी भाजला जाई, नाताळात आणि ईस्टरला. एरवी पाववाला डोक्यावर टोपली घेऊन येई. पण आईचा मेव्याचा पाव वेगळा होता. वस्त्रगाळ गव्हाचं पीठ, अंडी, साखर, नारळाचं दाट दूध, तूप, आणि त्यात काजू, चारोळी, बदाम, मनुका. काजू आणि चारोळी डोंगरातल्या ठाकरणी टोपलीतून आणून विकत, बदाम मुंबईचे. हे सगळं फुगवायचं ते ताडीने. पहाटेची ताडी गोड असते, तिच्यात जोर नसतो. संध्याकाळची आंबट, तिने पाव कडू होतो. आईला लागे ती दुपारी बाराच्या सुमाराची. आमच्याकडे ताडी घालणारा भंडारी मडकं खाली ठेवता ठेवताच तिला विचारी, "पावाची का पिवाची?" आणि ती दर वेळी तोंडाला पदर लावून हसे. आता माझ्या सुना डब्यातली पावडर घालतात. पाव फुगतो, छान फुगतो. मी त्यांना काही म्हणत नाही.

एका सुट्टीत मी हा पाव वहीत लिहून घेतला होता, इंग्रजीत, शाळेत पाककृती लिहायला शिकवत तशी. आई पीठ ओंजळीने घ्यायची. मी ती ओंजळ पेल्यात रिकामी करून मोजली आणि लिहिलं, तीन पेले. साखर मुठीने, तीही मोजली. किती वेळ मळायचं असं विचारलं तर ती म्हणाली, "कानाच्या पालीगत लागेपरयंत," आणि पिठाचा हात तसाच पुढे करून माझ्या कानाची पाळी चिमटीत धरली. ते मी लिहिलं नाही. वहीत त्या जागी 'मऊ होईपर्यंत' असं आहे.

शनिवारी मी पीठ मळलं ते वही समोर ठेवून. पापा उंबऱ्यात बसून बदाम फोडत होते. बदामाची पुडी त्यांनीच मुंबईहून आणली होती आणि माझ्या हातात दिली होती. पाटावर बदाम ठेवायचा, वर बत्त्याचा एक ठोका. अख्खे निघालेले ते एका वाटीत टाकत, तुकडे दुसऱ्या वाटीत. दोन्ही वाट्या भरत आल्या तरी त्यांनी एक बदाम तोंडात टाकला नाही. एकदा मान वर न करता ते मला इंग्रजीत म्हणाले, की माझं शिक्षण पुन्हा सुरू करण्याबाबत त्यांनी मदरला लिहिलं आहे आणि अनुकूल उत्तराची अपेक्षा आहे. मी 'येस पापा' म्हटलं. आम्हां दोघांचं इंग्रजी बरं होतं. त्यात कुणाला काही विचारावं लागत नसे.

"अगो, पीठ मल," आत्या चुलीजवळून ओरडली. "पाठीवर हात फिरवल्यासारखा काय करतेस! इंग्रजी शिकून मनगटातला जोर गेला काय?"

मी जोर लावला. पीठ हाताला चिकटायचं थांबलं, तकाकी आली. त्यावर बोटाने क्रूस काढला, मोठ्या हंड्यात ठेवलं, आईच्या जुन्या लुगड्याच्या पदराने झाकलं आणि हंडा चुलीच्या उबेला सरकवला. हे सगळं मी आईसारखंच केलं. लुगडं नाकाजवळ आलं तेव्हा मी थांबून वास घेतला. धुराचा वास होता. आणखी काही नव्हतं, किंवा असेल तर मला आला नाही.

रविवारी देवळातून आल्यावर पदर काढून पाहिलं तर पीठ हंड्याच्या काठापर्यंत आलं होतं. काजू वर डोकावत होते. भट्टी मागच्या अंगणात होती, मातीची, घुमटासारखी, आणि ती तापवताना आईबरोबर नेहमी शेजारची झाबेलमाय असे. झाबेलमाय आईपेक्षा कितीतरी मोठी, दात पडलेली, तोंडात कायम मिसरी. मी कुंपणावरून तिला हाक मारायला गेले. ती अंगणातच होती. तिने माझ्याकडे बघितलं, हातातला खराटा खाली ठेवला, आणि जागची हलली नाही.

"मी नाय येनार बाय. मना भट्टी लावाला बोलवू नको."

मी तशीच उभी राहिले. माझ्या गप्प राहण्याची तिला सवय होती, पण त्या दिवशी तिने माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"तुला ठावं नाय?" ती म्हणाली. मग आमच्या मागच्या दाराकडे एकदा बघून कुंपणापाशी आली. "आपल्या आलीत मयताच्या घरची भट्टी वरीसभर थंड ठेवतात. वरीस भरला का घरची बाय गोडा पाव करते आनि पावन्यांच्या पुडं मोडते. पावन्यांतली जून बाय इचारते, कोनाच्या हातचा? घरची बाय बोलते, माज्या. झाला. दुखवटा उतरला. याला बोलतात पाव मोडला."

"वर्ष झालं नाही," मी म्हणाले.

"तां मना सांगतेस? मीच तिला कापडं नेसवली." तिने मिसरी थुंकली. "तुजा बापूस मिठाच्या हंगामात चौकीवर जानार. पंधरा वरसांची पोर घरात एकटी कशी ठेवाची? आत्याला तिचा घर हाय. कल्यानची एक बाय हाय, रेजिना. तिचा नवरा रेल्वेत व्हता, मेला. भावाकडं ऱ्हाते. आता चालीस दिवसांचा उपास लागंल, त्यात लगीन नाय. मंग मिठाचा हंगाम भरात, मंग पाऊस. तिचा भाऊस काय थांबाचा नाय, त्याला दुसरा कोन भेटला का देऊन टाकंल तिला. म्हनून घाई. आज तू माज्या बोललीस, का पुडच्या रव्वारी देवलात लगनाचा पुकार, तीन रव्वारी तीन, आनि लगीन. दुखवट्याच्या घरचा पुकार फादर वाचत नाय."

"आणि मी?"

"तू तुज्या शालंत. तुजा चांगला व्हनार हाय त्यात." हे तिने रागाने म्हटलं नाही. "पन घरची बाय आता तू. तुज्या तोंडून आला, का झाला. मंग कोनी काय बोलाचा नाय."

मी घरी परत आले. माझ्या मुलीने मागे एकदा मला विचारलं होतं, की तेव्हा तुला काय वाटलं. कळल्यावरही तू पाव केलास कसा? मी तिला खरं ते सांगितलं: पीठ उठलेलं होतं. उठलेलं पीठ थांबत नाही, तासाभरात ते बसतं आणि आंबतं, आणि त्यात सहा अंडी होती. तिला हे उत्तर पटलं नाही. मी भट्टीत बाभळीची लाकडं आणि नारळाच्या शेंड्या रचल्या आणि पेटवल्या. आत्या दारात येऊन एकदा बघून गेली.

भट्टी तापली की निखारे ओढून काढायचे, ओल्या फडक्याने तळ पुसायचा, आणि मग ताप पाहायचा. त्याची आईची रीत अशी, की भट्टीच्या तोंडात हात घालायचा आणि 'आवे मारिया' म्हणायची. अर्ध्यावर हात ओढावा लागला तर भट्टी जास्त तापलेली, थांबायचं. आमेनपर्यंत हात राहिला तर बरोबर. मी हात घातला आणि प्रार्थना म्हटली. पण माझ्या तोंडी ती इंग्रजीत होती, आणि शाळेत चाळीस मुली रोज पन्नास वेळा जशी म्हणतात तशी, एका दमात. आई ती आमच्या बोलीत, दर नावापाशी थांबत म्हणायची. माझी आमेनपर्यंत कधी पोचली ते मला कळलंही नाही. हात आतच होता. मी तो बाहेर काढला, केळीच्या पानावर पाव ठेवून आत सरकवला, तोंडावर फरशी लावली आणि कडा चिखलाने लिंपल्या. चिखल थंड लागला तेव्हा मी हाताकडे पाहिलं. चार बोटांच्या मागच्या बाजूला पाण्याचे फोड आले होते. दुखत नव्हतं. दुखायला लागलं ते दुसऱ्या दिवशी.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती, आणि बहुधा आत्याच्याही नाही. वास. साखर आणि काजू भाजल्याचा वास भट्टीतून निघाला तो कुंपणावरून गेला, घरांच्या मधून गेला आणि आळीभर पसरला. एकेका दारात बाई येऊन उभी राहिली. कुणाच्या हातात लाटणं, कुणाच्या कडेवर मूल. नाताळात ज्यांनी झाकलेली ताटं पाठवली होती त्याच सगळ्या. समोरच्या घरातल्या म्हातारीने आमच्या भट्टीकडे पाहून क्रूस केला आणि दार लोटून घेतलं. मी अंगणात, काळ्या झग्यात, फोड आलेला हात पाण्याच्या बादलीत घालून बसले होते, आणि मला पुरती उमगण्याआधीच आमच्या घरातली बातमी सगळ्या आळीला कळली होती.

पाव निघाला तो वरून सुरेख, तांबूस, चमकदार. खालून काळा. आत्याने कपाळाला हात लावला आणि सुरीने करपलेला भाग खरवडून काढला. काळी भुकटी पडवीभर झाली.

कल्याणची मंडळी दुपारच्या गाडीने आली. रेजिना आणि तिची आई, दोघीच. आई बुटकी, सुरकुतलेली, कानाने अगदी कमी. तिच्याशी सगळे ओरडून बोलत आणि ती हळू बोले. रेजिना अठ्ठावीस-तीस वर्षांची असावी. निळं लुगडं, धुऊन धुऊन विटलेलं पण कडक घडीचं. ती कुणाच्याही डोळ्यांकडे पाहत नव्हती. भिंतीवरच्या तसबिरी, कोनाडा, चूल, असं घर बघत होती, आणि प्रत्येक वस्तूवरून तिची नजर लगेच उठत होती. चुकून आपलीशी वाटेल म्हणून घाबरल्यासारखी. मी तिला वाईट म्हणावं असं तिने काही केलं नाही. मी शोधत होते.

ती पाणी प्यायला आत आली तेव्हा स्वयंपाकघरात मी एकटी होते. तिने माझा हात पाहिला. न विचारता कोनाड्यातला तेलाचा बुधला उचलला, बोटभर तेल घेतलं आणि फोडांवर इतकं हलकं लावलं की मला कळलं फक्त ते चमकायला लागल्यावर.

"तुजी मरजी हाय ना गो?" तिने माझ्या हाताकडेच बघत विचारलं. "मना इथं सांग. भायेर सगले अस्तील."

मी मान हलवली. शाळेत मदर काहीही म्हणाली की हलवायची तशी. तिने ती मान पाहिली, बुधला जागेवर ठेवला, आणि खरं म्हणजे तिचा चेहरा थोडा सैल झाला. बाहेर जाताना ती म्हणाली, "मी तुज्या कशाला हात नाय लावनार."

बाहेर मेजावर चादर घातली होती. पापा स्वच्छ कोट घालून बसले होते, बूट पुसलेले. आत्याने पाव थाळ्यात घालून माझ्या हातात दिला. पाव हाताने मोडायचा, सुरी लावायची नाही. मी मोडला. तो आतून पिवळा आणि मऊ झाला होता, बदामाचे तुकडे सगळीकडे सारखे पसरले होते. आईचा असायचा तसाच. एक तुकडा म्हातारीला, एक रेजिनाला, एक पापांना, एक आत्याला. सगळ्यांनी तुकडे हातात धरले. कुणी खाल्लं नाही. उघड्या दारातून समोरचं लोटलेलं दार दिसत होतं. बाकीच्या दारांत आळीतल्या बायका उभ्या होत्या. आमच्याकडे न बघता उभ्या होत्या.

म्हातारीने तुकडा वर धरला. "कोनाच्या हातचा गो हा?"

"माझ्या," मी म्हणाले. हजेरीला म्हणायचे त्या आवाजात.

म्हातारीने कानामागे तळवा धरला. "आं?"

"माज्या बोलली ती!" आत्या तिच्या कानाशी ओरडली. "खा आता. झाला."

"तू कशाला बोलतेस? तोंड हाय ना पोरीला?" म्हातारीने तुकडा तसाच धरून ठेवला. आत्याने माझ्या पाठीला बोट लावलं. म्हातारी माझ्याकडे वळली आणि अगदी मायेने म्हणाली, "मोट्यान सांग बाय. मना ऐकाला येत नाय."

पापा आपल्या हातातल्या तुकड्याकडे बघत होते. रेजिना मात्र पहिल्यांदाच सरळ माझ्या तोंडाकडे पाहत होती. स्वयंपाकघरात मी तिला मान हलवून होय म्हटलं होतं, आणि आता तिचे डोळे ते होय पुन्हा ऐकायला थांबले होते. मला फक्त तो एक शब्द मोठ्याने म्हणायचा होता. मग शाळा, ट्रंक, पुण्याची गाडी, इंग्रजी. मी तोंड उघडलं. शब्द आला नाही, महिने आले. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. मोजायची सवय मला इंग्रजीतच होती. मोजून झालं तेव्हा सगळे अजून तसेच बसले होते.

"हात माझाच आहे," मी म्हणाले, आणि तो आवाज इतका मोठा निघाला की दारातल्या बायकांनी माना वळवल्या. "पण आईला जाऊन सातच महिने झालेत."